नारायणगडाखाली टॉलस्टॉय

पहाटे ५:३०

गडावर काकड आरती सुरू होते तेव्हा पायथ्याच्या वस्त्यांवर चुली पेटलेल्या असतात. नारायणगड म्हणजे आमच्याकडची धाकटी पंढरी. वर विठ्ठलाचं मंदिर आणि नगद नारायण महाराजांची समाधी, खाली बालाघाटच्या उतारावर कापूस, सोयाबीन, बाजरी. २०२४ च्या दसऱ्याला इथं मराठा आरक्षणाचा मोठा मेळावा झाला आणि गडाचं नाव टीव्हीवर गेलं. वारकऱ्यांना मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

आज भाद्रपद वद्य दशमी. दसरा पंधरा दिवसांवर. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या हलल्या की घरामागून घर कुलूपबंद होतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर गेलेली माणसं थेट उन्हाळ्यात परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्यामुळं गावात नवं काही उभं करायचं तर ते टोळ्या हलायच्या आत. मी इथल्या वाचनालयाची ग्रंथपाल. आज रात्री आठला वाचनालयात रशियन साहित्याची आणि संस्कृतीची आवड असणाऱ्यांचं मंडळ सुरू होतंय. आवड कुणाकुणाला आहे ते रात्रीच कळेल.

भाकरी थापताना सासूबाईंनी हरकत घेतली. "पित्तरपाटात नवं काम काढू नये म्हणतेत."

"आत्याबाई, टॉलस्टॉय १९१० साली गेले, चेकॉव्ह १९०४ साली. दोघंही पितरच. त्यांच्या नावानं पान वाढायला याच्याहून चांगला पंधरवडा कुठला?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मग खीर तरी करायची हुतीस." परवानगी मिळाली.

सकाळी ७:३०

वाचनालय उघडलं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. आम्ही 'ड', म्हणजे शेवटचा बाक. एक खोली, चार कपाटं, एक लांब टेबल, आणि सकाळी पेपर वाचायला येणारी ठरलेली मंडळी. पेपरही पानापानांनी वाटून वाचला जातो. बाजारभावाचं पान आप्पांकडे, खेळाचं पोरांकडे, निधनवार्ता सगळ्यांत शेवटी, पण सगळे वाचतात.

बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'रशियन गोष्टींचं वाचन. आज रात्री ८. ऐकायला या. वाचता येण्याची अट नाही. चहा मिळेल.' मंडळाचं नाव लिहायचं राहू दिलं, कारण नाव ठरलेलं नाही. तरुण मंडळाच्या पोरांना 'प्रतिष्ठान' हवंय, मला 'प्रतिष्ठान' सोडून काहीही चालेल.

आप्पांनी फळा वाचला. "कामून वो ताई, रशियाच कामून? आपल्याकडच्या गोष्टी सपल्या का?"

मी तोंड उघडायच्या आत खेळाच्या पानामागून उत्तर आलं. अण्णा भाऊंच्या जयंतीला दरवर्षी १ ऑगस्टला पुढं असणारा पोरगा तो. म्हणाला, "आप्पा, अण्णा भाऊंचा पुतळा मॉस्कोत आहे, म्हाईत आहे का?" खरं आहे. १४ सप्टेंबर २०२२ ला मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात अण्णा भाऊ साठ्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. महायुद्ध चालू असताना स्टालिनग्राडचा पोवाडा रचणारा हा माणूस १९६१ साली प्रत्यक्ष तिकडं गेला आणि परत येऊन त्यानं 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाला जे परकं वाटलं नाही, ते आपल्याला का वाटावं, असा पोराचा मुद्दा होता. आप्पांनी बाजारभावाचं पान घडी करून ठेवलं आणि "राज कपूर पण लई चालायचा तिकडं" म्हणून आपली भर घातली. तेही खरंच आहे. 'आवारा' १९५४ साली सोव्हिएत पडद्यावर गेला आणि तिथल्या दोन पिढ्यांच्या तोंडी बसला.

आणि तिसरा धागा सगळ्यांत ताजा. आमच्या पंचक्रोशीतली पोरं एमबीबीएसला रशियात आहेत. माझा सख्खा भाचा त्यातलाच. त्याच्या आईला रशियाचा नकाशा माझ्याहून चांगला पाठ आहे.

सकाळी ९:००

कपाट नंबर तीन. मंडळ काढावंसं वाटलं ते या कपाटामुळं. खालच्या खणात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं आहेत. प्रगती प्रकाशन, रादुगा प्रकाशन, विज्ञानाचं मीर प्रकाशन. चाळीशीपुढच्या वाचकाला ही नावं सांगावी लागत नाहीत. जाड कागद, शिवलेली बांधणी, पानभर रंगीत चित्रं, आणि किंमत इतकी कमी की वडील 'नको' म्हणायचे नाहीत. मॉस्कोत बसून मराठी अनुवाद करणाऱ्या अनिल हवालदारांसारख्या माणसांनी रशियन लोककथांपासून कादंबऱ्यांपर्यंत कितीतरी मजकूर आपल्या भाषेत आणला. इकडं लोकवाङ्मय गृहासारख्या प्रकाशनसंस्थांनी तो गावोगावच्या वाचकांपर्यंत पोचवला. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ही पुस्तकं यायची थांबली. ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे राहिली, बाकीची रद्दीत गेली. अलीकडे मुंबई-पुण्याच्या काही पुस्तकवेड्यांनी ती शोधून, स्कॅन करून जपायला घेतली आहेत.

यातल्या एका पुस्तकाचं शेवटचं पान मी आज फळ्याशेजारी लावायला काढलं. कादंबरी संपल्यावर कोऱ्या पानाच्या मधोमध वाचकांना विनंती आहे. अनुवाद कसा वाटला, चित्रं आणि छपाई कशी वाटली, पुढं काय वाचायला आवडेल, हे आम्हाला जरूर कळवा. खाली पत्ता: १७, झुबोव्स्की बुलेवार, मॉस्को. बीड जिल्ह्यातल्या वाचकाचं मत मॉस्कोतल्या माणसाला हवं होतं, निदान तसं छापलेलं तरी होतं. आमच्या प्रतीवर त्या विनंतीखाली कुणीतरी शिसपेन्सिलीनं 'छान आहे' एवढंच लिहून ठेवलंय. ते मॉस्कोला गेलं नाही.

सकाळी १०:३०

काळी-पिवळीनं बीडला. एक निवृत्त शिक्षक घर आवरतायत आणि रशियन पुस्तकांची पेटी द्यायची म्हणतायत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. घरात शिरतानाच त्यांनी विचारलं, "यंदा टोळ्या कधी निघणार?" पुस्तकांचं नंतर.

काकांच्या पिढीला रशिया पुस्तकातून आला तसा सभेतूनही आला. बीडनं १९६७ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं, साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या माणसाला. १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे इथूनच निवडून आले. आजच्या बीडकडे पाहून हे कुणाला खरं वाटणार नाही, पण निकाल तसे आहेत. त्या काळात इंडो-सोव्हिएत कल्चरल सोसायटी, म्हणजे 'इस्कस', देशभर काम करत होती. चित्रपट, पुस्तक प्रदर्शनं, रशियन भाषेचे वर्ग, शिष्टमंडळं. रशियन संस्कृतीप्रेमींचं मंडळ म्हणजे काय, तर आपल्या देशात ते इस्कस होतं. पण तिचा डोलारा दोन सरकारांच्या मैत्रीवर उभा होता. एक सरकारच राहिलं नाही तेव्हा तो बसला.

"म्हणून तुला एक सांगतो," काका म्हणाले, "वरून आलेल्या पैशावर मंडळ काढू नकोस. आणि रशिया चांगला की वाईट यावरही काढू नकोस. गोष्टीवर काढ."

पेटीत गॉर्कीची 'आई' निघाली, चिंगीज ऐतमातोव्ह निघाला, पेरेलमानचं मनोरंजक भौतिकशास्त्र निघालं. काय निघालं नाही तेही पाहिलं. सोल्झेनित्सिन नाही, पास्तरनाक नाही. निघणार कुठून? पास्तरनाकला १९५८ साली नोबेल जाहीर झालं आणि त्याच्याच देशानं त्याला ते नाकारायला लावलं. सोल्झेनित्सिनला १९७४ साली देशाबाहेर घालवलं. कवी मांदेलश्ताम १९३८ साली छावणीच्या वाटेवर संपला. स्वस्त आणि देखण्या पुस्तकांचं हे कपाट निवडून भरलेलं होतं, हे आमच्या मंडळात पहिल्या दिवसापासून सांगायचं ठरवलं आहे. प्रेम करावं, पण हिशेब ठेवून.

दुपारी १२:३०

ओळखीच्या वकिलांकडे दहा मिनिटं. संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली अर्ज, सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद, मग दरवर्षी हिशेब, फेरफार अहवाल. "एवढं कशाला? वाचनालयाचा उपक्रम म्हणून चालवा," ते म्हणाले. "वर्षभर टिकलं तर या." हा सल्ला फुकट मिळाला आणि लाखाचा आहे. आपल्याकडे मंडळं कार्यकारिणीपासून सुरू होतात आणि अध्यक्षपदापाशी मोडतात.

दुसरा प्रश्न झेरॉक्सचा. टॉलस्टॉय आणि चेकॉव्ह यांचं मूळ लेखन आता सगळ्यांना खुलं आहे. मराठी अनुवादावर मात्र अनुवादकाचा हक्क असतो, तोही त्याच्या निधनानंतर साठ वर्षं. तेव्हा पुस्तकाच्या पन्नास झेरॉक्स काढून वाटायच्या नाहीत. आजची गोष्ट मी मॉड दांपत्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी अनुवादावरून स्वतःच्या मराठीत उतरवून काढली आहे. वही भरली, झेरॉक्सचे पैसे वाचले.

दुपारी २:३०

परत वाचनालयात. रशियन पुस्तक माणसं अर्ध्यात का सोडतात, तर नावांमुळं. एकाच माणसाला चार नावांनी हाक मारतात आणि वाचक चाळिसाव्या पानावर हरवतो. पण यात मराठी माणसाला घाबरण्यासारखं काही नाही. अंतोन पाव्लोविच चेकॉव्ह म्हणजे पावेलचा मुलगा अंतोन, आडनाव चेकॉव्ह. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, हीच आपली शाळेच्या दाखल्यावरची पद्धत. फरक इतकाच, की तिकडच्या बाईचं मधलं नाव लग्नानंतरही बापाचंच राहतं. लाडाचं नाव वेगळं असतं, तेही आपल्याकडच्या बाळ्या-पिंट्यासारखंच. मोठ्या कार्डशीटवर आजच्या गोष्टीतली माणसं वंशावळीसारखी काढून ठेवली.

भाच्याला व्हॉट्सअॅपवर विचारलं, गोष्टीतल्या शेतकऱ्याचं नाव नेमकं कसं म्हणायचं. त्याचा व्हॉइस मेसेज आला: "पाखोम, मावशी. 'ख' घशातून." मागून हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी ऐकू आली. त्याला रशियन शिकावंच लागतं, कारण वॉर्डातला पेशंट 'कुठं दुखतंय' ते इंग्रजीत सांगत नाही. त्याला विचारलं, तिकडची पोरं टॉलस्टॉय वाचतात का? म्हणाला, शाळेत लावलेला असतो म्हणून वाचतात. म्हणजे आपल्यासारखंच.

संध्याकाळी ४:३०

शाळा सुटली. मोठ्यांच्या आधी पोरांची बैठक. सुरुवातीला नकाशावर अफनासी निकितीन. त्वेर गावचा व्यापारी, पंधराव्या शतकात समुद्रावरून चौलला उतरला, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. विकायला एक घोडा आणला होता. जुन्नरला तिथल्या खानानं तो काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून अडवलं. एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं रदबदली केली म्हणून सुटला, मग बिदरला गेला. बिदर तेव्हा बहमनी राजधानी, आणि आपला मुलूखही त्याच राज्यात. पोरांना बिदर माहीत आहे. "घोडा परत मिळाला का?" हा पहिला प्रश्न. मिळाला. मग सगळे निवांत झाले.

मग चेकॉव्हची 'वान्का', १८८६ सालची. नऊ वर्षांचं पोर मॉस्कोत चांभाराकडे कामाला ठेवलंय. नाताळच्या आदल्या रात्री मालक-मालकीण प्रार्थनेला गेल्यावर ते आजोबाला पत्र लिहितं. इथं मार बसतो, पोटभर मिळत नाही, मला गावाला ने. पाकिटावर पत्ता लिहितं: गावाकडे, आजोबांना. मग डोकं खाजवून आजोबांचं नाव तेवढं घालतं, पत्र पेटीत टाकतं आणि निश्चिंत झोपतं.

वाचून झाल्यावर मी काही विचारलं नाही. दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "त्याच्याकडं फोन नव्हता." सातवीतला पोरगा म्हणाला, "गावाचं नावच नाही लिवलं. कसं पोचंल?" त्याचे आई-बाप मागच्या हंगामात कऱ्हाडकडे होते, यंदा कुठल्या कारखान्यावर ते टोळीचा मुकादम सांगेल. सगळ्यांनी वहीच्या मागच्या पानावर आपापला पूर्ण पत्ता लिहिला: मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन. मग आई-बाप गेल्या वर्षी जिथं होते तिथला पत्ता लिहायला सांगितला, तेव्हा बऱ्याच जणांची पेन्सिल थांबली. फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, पत्ता नसतो. सातवीतल्यानं विचार करून लिहिलं: 'ऊसाचा फड, कारखान्याजवळ, आईला.'

मुलांच्या बैठकीचं साहित्यमूल्य काय, असं मला कुणी विचारलं तर ही वही दाखवीन.

संध्याकाळी ६:३०

घरी. म्हैस, भाकरी, पिठलं. गडावरून हरिपाठाचा आवाज येतो, तो संपेपर्यंत इकडं काही सुरू करायचं नाही हे ठरलेलं. बैठकीची पद्धतही तिथूनच घेतली. पोथी लावली की एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्ये थांबून अर्थ सांगितला जातो आणि म्हातारी माणसं आपली शंका काढतात. शहरात वाचनकट्टा चालतो तेव्हा प्रत्येकानं घरून पुस्तक वाचून यायचं असतं. इथं तसं केलं तर मी आणि अण्णा भाऊवाला पोरगा, दोघंच उरू.

चहासाठी दूध आणि गूळ घेतला. रशियात चहासोबत फळांचा मुरंबा खातात. सासूबाईंनी आवळ्याच्या मुरंब्याची बरणी न मागता पिशवीत घातली.

रात्री ८:००

पंचवीसेक माणसं. बाया भिंतीकडेनं, पुरुष दाराशी, पोरं टेबलाखाली. आधी पाच मिनिटं ओळख. मराठीत हे वारं जुनंच आहे. साने गुरुजींनी टॉलस्टॉयचं कलेवरचं पुस्तक 'कला म्हणजे काय?' म्हणून आणलं, पुलंनी गोगोलच्या १८३६ च्या नाटकाचा 'अंमलदार' केला, आणि आज कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात डॉ. मेघा पानसरे रशियन शिकवतात, कथा थेट रशियनमधून मराठीत आणतात. गांधीजींनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेत आश्रम काढला, त्याचं नाव टॉलस्टॉय फार्म. एवढं सांगितलं आणि वही उघडली.

गोष्ट टॉलस्टॉयची, तीही १८८६ सालचीच: 'माणसाला जमीन लागते तरी किती?' दोन बहिणी, थोरली शहरात दिलेली, धाकटी खेड्यात. कुणाचा संसार बरा यावरून बोलणं चालू आहे. धाकटीचा नवरा पाखोम पडल्या पडल्या म्हणतो, आपल्याला एकच कमी, जमीन. ती मुबलक असेल तर सैतानालाही भीत नाही. सैतान भट्टीमागं बसलेला असतो, तो ऐकतो. मग पाखोम कर्ज काढून जमीन घेतो. शेजाऱ्यांची जनावरं शिरतात म्हणून कोर्टात जातो. जास्तीच्या हव्यासानं व्होल्गापलीकडे जातो. शेवटी बाश्कीर लोकांच्या मुलखात पोचतो. तिथं सौदा अजब असतो. दिवसाला हजार रुबल. सकाळी निघायचं, जेवढ्या जमिनीला पायी वेढा घालशील तेवढी तुझी. मात्र सूर्य मावळायच्या आत निघालास तिथं परत आलं पाहिजे, नाहीतर पैसेही गेले.

पाखोम कोर्टात गेला तिथंच दाराशी हालचाल झाली. "बांध कोरला आसंल," एकजण म्हणाला. हजार रुबलच्या सौद्यावर आप्पांनी मला थांबवलं. "मोजणी नाही, नकाशा नाही, सातबारा नाही. ताई, हा डाव आहे." मी म्हटलं, पाखोमलाही तुमच्यासारखा शेजारी हवा होता.

पाखोम चालत सुटतो, फावड्यानं खुणेचे खड्डे करत. वळायची वेळ होते तेव्हा पुढं एक खोलगट, ओलाव्याचा तुकडा दिसतो. जवस चांगला येईल म्हणून तोही वेढ्यात घेतो. इथं खोलीत चुळबुळ थांबली. असा तुकडा प्रत्येकाच्या डोळ्यासमोर असतो. सूर्य कलतो. पाखोम पळतो, अंगरखा टाकतो, बूट टाकतो, टेकडीवर खुणेच्या टोपीपाशी येऊन पडतो. तोंडातून रक्त. गडी त्याच फावड्यानं खड्डा खणतो. डोक्यापासून टाचेपर्यंत सहा फूट. तेवढीच लागली.

रात्री ९:००

चहा. मुरंबा फिरला. पहिलं बोलले ते दरवर्षी कोयता घेऊन जाणारे एक गृहस्थ. "हे आमच्या उचलीसारखंच हाये. पैसे आधी घेतलेले. आता दिवस बुडायच्या आत फिटंल तेवढं फेडायचं. पळायचं तर हायेच." उचल म्हणजे मुकादमानं हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि ती अंगावर फेडतात.

दुसऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. टॉलस्टॉय स्वतः जमीनदार, त्याला 'सहा फूट पुरे' म्हणायला काय जातं? दोन एकरवाल्यानं चार एकर मागितले तर तो हावरट कसा? यावर बरीच वादावादी झाली. चेकॉव्हलाही हीच शंका होती. सहा फूट प्रेताला लागतात, जित्या माणसाला नव्हे, असं त्याच्या 'गूजबेरी' या कथेतलं पात्र टॉलस्टॉयच्या या गोष्टीला उत्तर दिल्यासारखं म्हणतं. आमच्या गावात ही शंका चेकॉव्ह न वाचता निघाली. पुढच्या बैठकीची कथा तिथल्या तिथं ठरली.

मग भिंतीकडच्या एका बाईनं विचारलं, "त्याच्या बायकूचं फुडं काय झालं?"

मी वही चाळली. गोष्ट सुरू होते ती तिच्या घरातून, तिच्या आणि बहिणीच्या बोलण्यातून. आणि पाखोमला जमिनीचं वेड लागल्यावर लेखक तिला विसरून जातो. पाखोम मेल्याचं तिला कुणी कळवलं का, कर्ज कुणाच्या नावावर राहिलं, काहीच नाही. या गोष्टीवर मी वाचलेल्या लेखांत हा प्रश्न मला भेटला नव्हता. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या मागं राहिलेल्या बायांची घरं गावोगाव आहेत, तिथं तो पहिल्या अर्ध्या तासात निघतो.

शेवटी बारावीच्या पोरानं नको तो, म्हणजे हवाच तो प्रश्न काढला. "युक्रेनच्या युद्धाचं काय? आपण रशियाच्या बाजूचे का?" मी काकांचंच सांगितलं, मंडळ गोष्टीवर आहे. मग गोगोलचं सांगितलं. तो १८०९ साली पोल्तावा भागात जन्मला, तो भाग आज युक्रेनमध्ये आहे, त्यानं लिहिलं रशियनमध्ये आणि आज दोन्ही देश त्याच्यावर हक्क सांगतात. टॉलस्टॉय तरुणपणी क्रिमियात सेवास्तोपोलच्या वेढ्यात तोफखान्यावर होता. त्यानं तिथून जे लिहिलं त्यात नायक कुठला सेनापती नाही, सत्य हाच नायक आहे असं तो म्हणतो. युद्ध चूक आहे हे म्हणायला रशियन पुस्तकंच सगळ्यांत कामाला येतात. पोराचं समाधान झालं की नाही माहीत नाही, पण त्यानं रजिस्टरमध्ये नाव लिहिलं.

रात्री १०:१५

झाडलोट, हिशेब. वर्गणी ठेवली नव्हती, तरी डब्यात चहाचे पैसे जमले. पुढचं असं ठरलं: दर महिन्याच्या वद्य दशमीला बैठक. एक गोष्ट, एक तास, मग बोलणं. दोन बैठकांनंतर एक चित्रपट. मॉसफिल्म या रशियन चित्रपटसंस्थेनं आपले बरेच जुने चित्रपट यूट्यूबवर फुकट ठेवले आहेत. पहिला १९५९ चा 'बॅलड ऑफ अ सोल्जर', कारण त्यात रजेवर आलेला जवान आईच्या घराचं छप्पर शाकारायला निघतो, आणि त्याला आईजवळ थांबायला काही क्षणच मिळतात. कार्यकारिणी नाही, अध्यक्ष नाही, बॅनर नाही. नाव पुढच्या वेळी.

टोळ्या गेल्यावर बैठकीत म्हातारी माणसं आणि पोरं उरतील. म्हणून मी उतरवलेली प्रत्येक गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून टोळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची, आणि फडावरच्या माणसांनी आपलं म्हणणं तसंच बोलून पाठवायचं. उचलीची उपमा देणाऱ्या गृहस्थांनी पहिला फोन नंबर दिला.

तुमच्या गावात असं काही काढायचं असेल तर रशियन यायला हवं असं नाही, पैसा हवा असंही नाही. टोळ्या निघायच्या आत दिवस धरा, गोष्ट मोठ्यानं वाचा, आणि वाचून झाल्यावर गप्प बसा, माणसं आपोआप बोलतात. आणि घरात माळ्यावर मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं पडली असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला विचारा. ती पुन्हा छापली जाण्याची शक्यता कमी आहे, वाचणारे मात्र अजून आहेत.